'डेअर फ्राउ' ही चूक नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारावीनंतर जर्मनीत नर्सिंगची आउसबिल्डुंग (कामासोबतचं व्यावसायिक प्रशिक्षण) करायची म्हणून बी-वन या पातळीच्या भाषापरीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने लिहिलंय: "क्लासमध्ये सांगितलं की जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नाम विभक्तीत बदलत नाही. मग पुस्तकात 'डी फ्राउ'च्या जागी मध्येच 'डेअर फ्राउ' का येतं? 'डेअर' तर पुल्लिंगी ना? शेवटी '-इन' लावलं की स्त्रीलिंग होतं, मग जर्मन बाईला 'डॉइचिन' का म्हणत नाहीत? अनेकवचनाला काही नियम आहे की सगळं पाठच करायचं? आणि डच, स्वीडिश यापेक्षा सोपं असतं हे खरं का?"

चारही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून क्रमाने उत्तरं न देता जिथे खरी अडचण आहे तिथून सुरुवात करतो.

क्लासमध्ये सांगितलेलं बरोबर आहे. स्त्रीलिंगी नाम एकवचनात चारही विभक्तींत जसंच्या तसं राहतं. फ्राउ, फ्राउ, फ्राउ, फ्राउ. पण वाक्याला विभक्ती तर हवीच. ते ओझं नामाने उचललं नाही तर कोणीतरी उचलायला हवं, आणि ते आर्टिकल उचलतं. कर्ता आणि कर्म असेल तर 'डी फ्राउ', 'बाईला' किंवा 'बाईचं' म्हणायचं असेल तर 'डेअर फ्राउ'. म्हणजे हे 'डेअर' पुल्लिंगी नाही, तो स्त्रीलिंगाचाच दुसरा वेष आहे. जर्मनमध्ये 'डेअर' एकटं तीन घरी राबतं: पुल्लिंगी कर्ता, स्त्रीलिंगी चतुर्थी-षष्ठी आणि कोणत्याही लिंगाची अनेकवचनी षष्ठी.

माझ्या वर्गात एकदा ऐकण्याच्या सरावात "इश हेल्फे डेअर फ्राउ" असं वाक्य आलं. म्हणजे "मी त्या बाईला मदत करतो". मागच्या बाकावरच्या एका हुशार मुलाने हात वर केला आणि म्हणाला, "सर, रेकॉर्डिंगमध्ये चूक आहे, डी पाहिजे." पूर्ण वर्ग त्याच्या बाजूने. मी फळ्यावर मराठी वाक्य लिहिलं: "मी मैत्रिणीला मदत करते." खाली जर्मन: "इश हेल्फे डेअर फ्रॉइंडिन." मग विचारलं, मराठीत विभक्ती कुठे दिसते? नामाच्या शेपटीला: मैत्रीण, मैत्रिणी, मैत्रिणीला. जर्मनमध्ये शेपूट हललीच नाही, डोकं हललं: डी फ्रॉइंडिन, डेअर फ्रॉइंडिन. आपल्या कानाला शब्दाच्या शेवटाकडे लक्ष द्यायची सवय आहे. आपल्याकडे माळ–माळेला, भिंत–भिंतीला, जीभ–जिभेला. सामान्यरूपाशिवाय आपलं पान हलत नाही. म्हणून मराठी माणूस जर्मन ऐकताना शब्दाचा शेवट टिपतो आणि आर्टिकल सोडून देतो. नेमकं उलट करायला हवं.

पुल्लिंगाशी तुलना केली की हे जास्त लख्ख दिसतं. 'कोलेगे' म्हणजे सहकारी. कर्ता असेल तर 'डेअर कोलेगे', पण "सहकाऱ्यासोबत" म्हणायचं तर 'मिट डेम कोलेगन'. नामाला 'न' लागला. बाई असेल तर 'डी कोलेगिन', आणि "सहकारी बाईसोबत" म्हणताना 'मिट डेअर कोलेगिन'. नाम तसंच. मध्ये विशेषण आलं तर 'मिट डेअर नॉयन कोलेगिन', म्हणजे विशेषणही थोडं वाकतं, नाम नाही. त्यामुळे जर्मन शिकणाऱ्याला स्त्रीलिंग हे तिन्ही लिंगांतलं सर्वांत सोपं लिंग आहे. एकदा आर्टिकलचं पोट समजलं की चुकायला जागाच राहत नाही.

हे नेहमी असंच नव्हतं. नेटवर बहुतेक ठिकाणी फक्त तक्ता देऊन सोडून देतात, म्हणून इथे जरा रेंगाळतो. मध्ययुगीन जर्मनमध्ये स्त्रीलिंगी नामांचा एक मोठा गट एकवचनातही बदलायचा. 'त्सुंगे' म्हणजे जीभ. कर्ता 'त्सुंगे', पण "जिभेला, जिभेचं, जिभेवर" सगळीकडे 'त्सुंगन'. अगदी आपल्या सामान्यरूपासारखं. पुढे काही शतकांत भाषेने घर आवरलं: 'न' एकवचनातून काढला आणि फक्त अनेकवचनासाठी राखून ठेवला. आज 'त्सुंगे' म्हणजे एक जीभ, 'त्सुंगन' म्हणजे अनेक. एकवचनात विभक्ती गेली, पण एक आणि अनेक यांतला फरक चोख झाला.

आवरलेल्या घरातही कोपऱ्यात जुन्या वस्तू सापडतातच. ख्रिस्ती लोकांच्या प्रभूच्या प्रार्थनेत "जसं स्वर्गात तसं पृथ्वीवर" या जागी जर्मन आजही 'आउफ एर्डन' म्हणतात. पृथ्वी एकच, तरी 'एर्डे'ला 'न' लागलाय. ही ती जुनी विभक्ती. 'झोनेनशाइन' म्हणजे सूर्यप्रकाश, आणि सूर्य जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, 'डी झोने'. विद्यार्थी विचारतात, सूर्य काय अनेक आहेत? नाहीत. तो 'न' अनेकवचनाचा नसून एकवचनी षष्ठीचा आहे: सूर्याचा प्रकाश. म्युनिक आणि ड्रेस्डेन दोन्ही शहरांत 'फ्राउएनकिर्शे' नावाचं प्रसिद्ध चर्च आहे. पर्यटक त्याचं भाषांतर "बायकांचं चर्च" असं करतात. ते एकाच बाईचं आहे, मेरीचं. 'फ्राउएन' ही इथे 'फ्राउ'ची जुनी षष्ठी.

याच्या नेमकं उलट गंमत आहे 'स'ची. विशेषनामं सोडली तर स्त्रीलिंगी नामाला षष्ठीत 'स' लागत नाही, तो पुल्लिंगाचा आणि नपुंसकलिंगाचा. पण सामासिक शब्दांत बघा: 'लीबे' म्हणजे प्रेम, स्त्रीलिंगी, तरी प्रेमपत्र 'लीबेसब्रीफ'. 'त्साइटुंग' वर्तमानपत्र, तरी त्यातला लेख 'त्साइटुंग्सआर्टिकल'. शेजारच्या घरातून 'स' उसना आणलाय. '-उंग', '-हाइट', '-काइट', '-शाफ्ट', '-टेट', '-त्सिओन' यांनी संपणारे शब्द समासात पहिले आले की हा 'स' जवळजवळ हमखास येतो. आणि 'नाख्ट' म्हणजे रात्र, अस्सल स्त्रीलिंगी. तरी "रात्रीच्या वेळी" म्हणजे 'नाख्ट्स'. 'टाग', म्हणजे दिवस, हा पुल्लिंगी; त्याला रीतसर 'टाग्स' होता, त्याच्या जोडीला बसता बसता रात्रीलाही 'स' चिकटला. भाषेत जोड्या अशा एकमेकांचे कपडे घालतात.

आता अनेकवचन. पाठच करायचं का? अर्धं हो, अर्धं नाही. बहुतेक स्त्रीलिंगी नामं 'न' किंवा 'एन' घेतात: त्साइटुंगन, ब्लूमन, फ्राउएन. डोळे मिटून 'एन' लावलंत तरी बहुतेक वेळा बरोबर येईल. पण रोजच्या वापरातले काही छोटे शब्द ऐकत नाहीत: हांट–हेंडे (हात), श्टाट–श्टेटे (शहर), क्राफ्ट–क्रेफ्टे (शक्ती), माउस–मॉइझे (उंदीर), फाउस्ट–फॉइस्टे (मूठ). शेवटी 'ए' लागतो आणि मधला स्वर बदलतो, लिहिताना त्यावर दोन टिंबं येतात. हा उमलाउट.

इथे मराठी माणसाला एक फायदा आहे, जो इंग्रजी माध्यमाच्या व्याकरणाच्या पुस्तकांत कधीच सांगितलेला नसतो. 'जीभ' आणि 'मूठ' हे दोन शब्द घ्या. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही व्यंजनावर थांबतात. पण अनेकवचन? जिभा आणि मुठी. एकात 'आ', दुसऱ्यात 'ई'. शाळेत हे कोणी पाठ करून घेतलं नाही, कानाने आलं. कारण मात्र जुनं आहे: जीभ आली 'जिह्वा'मधून, मूठ आली 'मुष्टि'मधून. मुष्टीच्या शेवटचा इकार एकवचनात गळून गेला, पण मेला नाही. अनेकवचनात आणि सामान्यरूपात तो परत डोकं वर काढतो: मुठी, मुठीत. भित्ति–भिंत–भिंती तसंच, रात्रि–रात–राती तसंच. माला–माळ–माळा मात्र वेगळ्या घरची.

जर्मन मुठीचंही हेच झालं. 'फाउस्ट' हा शब्द जुन्या काळी इकारान्त होता. अनेकवचनात तो इकार शिल्लक राहिला आणि आपल्या आधीच्या स्वराला त्याने स्वतःकडे ओढून घेतलं. पुढे इकार झिजून 'ए' झाला, पण ओढलेला स्वर ओढलेलाच राहिला: फॉइस्टे. म्हणजे 'फॉइस्टे'वरची दोन टिंबं ही गेलेल्या इकाराची पावलं. क्राफ्ट–क्रेफ्टे तसंच. जर्मन मुलाला हे कोणी समजावत नाही, जसं आपल्याला 'मुठी' कोणी समजावली नाही. पण तुम्ही मोठेपणी शिकताय, तुम्हाला कारण माहीत असलेलं बरं. सगळेच शब्द असे मुळात इकारान्त नव्हते. 'हांट' मुळात उकारान्त, तो मागाहून या रांगेत येऊन बसला. त्याचं जुनं, टिंबं नसलेलं रूप अजून 'फोरहांडन' म्हणजे "हाताशी असलेलं, उपलब्ध" या शब्दात सापडतं.

आणखी एक शब्द दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. 'ब्राउट' म्हणजे नवरी. नवरा मुलगा म्हणजे 'ब्रॉइटिगाम'. नवरीत टिंबं नाहीत, नवऱ्यात कशी आली? जुन्या जर्मनमध्ये हा शब्द 'ब्रूटिगोमो' होता: 'ब्रूटि' म्हणजे नवरीचा, 'गोमो' म्हणजे माणूस. नवरीची षष्ठी त्या मधल्या इकारात जपली गेली. इंग्रजीतही हाच शब्द होता, पण 'गुमा' म्हणजे माणूस हे लोक विसरले आणि त्या जागी ओळखीचा 'ग्रूम' घुसवला: ब्राइडग्रूम. लग्नात नवरदेवाला घोड्यावर बसवणाऱ्या आपल्या लोकांना हा घोडा सांभाळणारा ग्रूम पटायला हरकत नाही, पण तो अपघाताने आलाय.

उरलेलं अनेकवचन भरभर. 'मुटर' (आई) आणि 'टोख्टर' (मुलगी) या दोनच स्त्रीलिंगी शब्दांना नुसती टिंबं पुरतात: म्युटर, ट्योख्टर. ओमा, कामेरा अशांना 'स'. '-निस'वाल्यांना '-निसे'. आणि '-एर' हे अनेकवचन स्त्रीलिंगाला कधीच लागत नाही. बहुपर्यायी प्रश्नात हे फार कामाला येतं.

आता '-इन'कडे. इथे तोच इकार पुन्हा भेटतो. आर्त्स्ट म्हणजे डॉक्टर, बाई असेल तर एर्त्स्टिन. बाउअर शेतकरी, बॉइअरिन. ग्राफ सरदार, ग्रेफिन. वोल्फ (लांडगा)–व्योल्फिन, फुक्स (कोल्हा)–फ्युक्सिन. प्रत्ययातला 'इ' मागच्या स्वराला ओढतो आणि टिंबं येतात. पण नियम म्हणून हे घोकू नका, कारण पोलंडचा 'पोले', बाई 'पोलिन', टिंबं नाहीत. रशियाचा 'रुसे', बाई 'रुसिन'. फ्रान्सचा 'फ्रान्त्सोझे', बाई मात्र 'फ्रान्त्स्योझिन'. '-एर'ने संपणाऱ्या व्यवसायनामांना, म्हणजे लेरर (शिक्षक), फेअरकॉयफर (विक्रेता), माअलर (चित्रकार) यांना, वरचा 'बाउअर' सोडला तर टिंबांची भानगडच नाही: सरळ '-इन' जोडा. शेवटी 'ए' असेल तर तो गाळा: कुंडे (ग्राहक)–कुंडिन. आणि जिथे दोनदा '-एर' येतो तिथे जीभ अडखळते म्हणून एक टाकून देतात: 'त्साउबरर' म्हणजे जादूगार, त्याची जादूगारीण 'त्साउबरिन', 'त्साउबररिन' नाही.

लिहिताना अनेकवचनात 'एन' हे अक्षर दुप्पट होतं: लेररिन, पण लेररिनन लिहिताना मधले 'एन' दोन. परीक्षेत यावर गुण जातात. कारण साधं आहे. हा प्रत्यय मध्ययुगात '-इन्ने' असा होता. शेवटचा 'ए' गळाला तेव्हा शब्दाच्या टोकाला एकच 'एन' लिहायची पद्धत पडली, पण पुढे स्वर आला की जुनी जोडी परत दिसते.

आपल्या '-ईण'शी याचं नातं आहे का, हे प्रत्येक बॅचमध्ये कोणीतरी विचारतंच. वाघ–वाघीण, हत्ती–हत्तीण, सुतार–सुतारीण. आणि तिकडे व्योल्फिन, फ्युक्सिन. साम्य इतकं आहे की मोह होतो. खरं उत्तर अर्धं हो असं आहे. त्यातला 'ई' हा दोन्हीकडे एकाच जुन्या घरातला. 'न' मात्र दोन्हीकडे नकारान्त शब्दांतून आपापल्या वाटेने येऊन चिकटला: संस्कृतात हस्तिन्–हस्तिनी, म्हणून मराठीत हत्तीण. त्या जुन्या 'ई'चा पुरावा हवा असेल तर गॉथिक बघावं. ही जर्मनची चौथ्या शतकातली नातेवाईक; आज कोणी बोलत नाही, पण बायबलच्या भाषांतरात टिकली आहे. गॉथिकमध्ये मुलगी म्हणजे 'मावी' आणि मुलीचं म्हणजे 'मौयोस'. कर्त्यात ई, षष्ठीत य. आता संस्कृत म्हणा: देवी, देव्याः. कर्त्यात ई, षष्ठीत य. लांडगीण म्हणजे वेदात 'वृकी', आणि जुन्या नॉर्समध्ये (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत) 'इल्गर'. दिसायला वेगळे वाटले तरी हे एकाच शब्दाचे दोन वंशज मानले जातात.

दुसरं साम्य अर्थाचं आहे आणि ते मला जास्त रंजक वाटतं. पाटलीणबाई म्हणजे कोण? स्वतः पाटीलकी करणारी, की पाटलांची बायको? मास्तरीणबाई दोन्ही असू शकतात. जर्मनमध्येही 'म्युलरिन' ही पिठाची गिरणी चालवणारी असेल किंवा गिरणीवाल्याची बायको. अठराव्या शतकापर्यंत तर आडनावालाही '-इन' लागायचं. कवयित्री आना लुईझा कार्श 'डी कार्शिन' म्हणून ओळखली जायची, नाटकमंडळी चालवणारी फ्रीडरिके कारोलीने नॉयबर 'डी नॉयबरिन' म्हणून. आपल्याकडे जोशीणबाई, कुळकर्णीणबाई म्हणतात ना, तेच. आपल्या जुन्या वैयाकरणांनी हा गोंधळ फार आधी सोडवला होता: स्वतः शिकवणारी ती 'आचार्या', आचार्यांची पत्नी ती 'आचार्यानी'. जर्मनने असा वेगळा प्रत्यय केला नाही. बायकोचा अर्थ हळूहळू गळून गेला आणि पेशाचा तेवढा उरला.

आता 'डॉइचिन' का नाही. कारण 'डॉइच' हे मुळात विशेषण आहे, आणि विशेषणातून झालेली नामं विशेषणासारखीच चालतात. जर्मन बाई 'डी डॉइचे', एक जर्मन बाई 'आइने डॉइचे', जर्मन बाईसोबत 'मिट आइनर डॉइचन'. इथे मात्र नाम बदलतं! वर मी छातीठोकपणे सांगितलं की स्त्रीलिंगी नाम एकवचनात बदलत नाही, त्याला हा एकमेव मोठा अपवाद, आणि तो वर्गात बहुधा शेवटच्या दिवशी घाईत उरकला जातो. नातेवाईक बाई 'फेअरवांट्टे', ओळखीची बाई 'बेकांटे', नोकरदार बाई 'आनगेश्टेल्टे', सगळ्या या गटात. यात एक फितूर आहे: सरकारी अधिकारी 'बेआम्टर' हाही विशेषणासारखाच चालतो, पण बाई मात्र 'बेआम्टिन'. कारण विचारू नका, रूढी.

तुमच्या कामाचा शब्दही याच गटातला आहे. आउसबिल्डुंग करणाऱ्याला पूर्वी 'लेरलिंग' म्हणत. '-लिंग'ने संपणाऱ्या शब्दाला '-इन' लागत नाही, 'लेरलिंगिन' असं काही होत नाही. आज कायद्यातला शब्द 'आउसत्सुबिल्डेंडे', शब्दशः "जिला शिकवून तयार करायचं आहे ती". तुम्ही 'आइने आउसत्सुबिल्डेंडे', तुमच्या शेजारचा मुलगा 'आइन आउसत्सुबिल्डेंडर'. करारावर हे पूर्ण रूप असेल. वॉर्डमध्ये सगळे 'आत्सूबी' म्हणतील, मुलगा असो की मुलगी.

पात्रतेचं नावही बदललं आहे. जुन्या पुस्तकांत नर्स म्हणजे 'क्रांकनश्वेस्टर', शब्दशः आजाऱ्यांची बहीण. आपल्याकडे सिस्टर म्हणतात तसंच. 1 जानेवारी 2020 पासून नव्या कायद्याने पदवीचं नाव 'फ्लेगेफाखफ्राउ', पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान'. म्हाताऱ्या रुग्णाने "श्वेस्टर!" अशी हाक मारली तर वाईट वाटून घेऊ नका, पण अर्जात जुना शब्द लिहू नका. त्याच दिवसापासून सुईणीच्या व्यवसायात उलटं झालं. 'हेबामे' हा शब्द स्त्रीलिंगी, आणि पुरुषासाठी वेगळा शब्द होता. आता पुरुषही 'हेबामे'च, आर्टिकल 'डी'.

लिंग आणि माणूस यांचं जर्मनमध्ये असं नेहमीच जुळत नाही. 'पेर्झोन' हा शब्द माणूस पुरुष असला तरी स्त्रीलिंगी. 'मेडशन' म्हणजे मुलगी, पण नपुंसकलिंगी, कारण '-शन' हा लाडाचा प्रत्यय ज्याला लागेल त्याला नपुंसक करतो. 'फ्रॉइलाइन' तसंच, तो शब्द पश्चिम जर्मनीच्या सरकारी कागदपत्रांतून 1972 मध्ये काढला गेला आणि आज कोणाला तशी हाक मारली तर मान वळणार नाही, भुवया वळतील.

'-इन'वरून जर्मनीत सध्या बरीच भांडणं आहेत, त्याची थोडी कल्पना असू द्या. पूर्व जर्मनीत बायकाही सर्रास "इश बिन इन्जेनिअर" म्हणत, '-इन' न लावता. पश्चिमेत स्त्रीवादी चळवळीने उलट '-इन'चा आग्रह धरला. 2005 मध्ये आंगेला मेर्केल निवडून आल्या आणि 'बुंडेसकान्त्स्लरिन' (महिला चान्सलर) हा त्या वर्षीचा 'वर्षाचा शब्द' ठरला. त्याआधी तो वापरायची वेळच आली नव्हती. मार्च 2018 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने निकाल दिला की बँकेच्या फॉर्मवर नुसतं पुल्लिंगी 'कुंडे' लिहिलं तरी चालेल. शिक्षक-शिक्षिका दोघांसाठी शब्दाच्या मध्ये तारांकन (*) घालून लिहायची रीत विद्यापीठांत दिसते, बोलताना तिथे क्षणभर थांबतात. बायर्न (बव्हेरिया) राज्याने 1 एप्रिल 2024 पासून ती शाळा आणि सरकारी कामकाजात बंद केली. तुमच्या परीक्षेत दोन्ही रूपं पूर्ण लिहिणं सर्वांत सुरक्षित.

राहिला डच-स्वीडिशचा प्रश्न. विभक्तीपुरतं म्हणाल तर हो, सोपं. डचमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग दोघांनाही एकच आर्टिकल 'दे'. स्वीडिशमध्येही दोन्ही एकात मिसळली. पण स्त्रीवाचक शब्द घडवणं डचमध्ये जर्मनपेक्षा अवघड, कारण प्रत्यय अनेक: मैत्रीण 'फ्रींदिन', लेखिका 'स्ख्रैफ्स्टर', शिक्षिका 'लेरारेस'. कुठे काय लागतं ते शब्दागणिक शिकावं लागतं. स्वीडिशमध्ये जर्मनकडून आलेला '-इन्ना' आहे, पण आज शिक्षिकेला 'लेरारिन्ना' म्हटलं तर आजीच्या काळातलं वाटतं. नर्सचा शब्द 'शूक्शोतेर्स्का' रूपाने स्त्रीलिंगी, तरी पुरुष नर्सही तोच लावतो.

डचमधला '-स्टर' इंग्रजीतही होता. 'स्पिन्स्टर' म्हणजे आधी सूत कातणारी बाई. अविवाहित हा अर्थ नंतरचा. पुढे इंग्रजीत '-स्टर'चं स्त्रीत्व पुसलं गेलं, इतकं की शिवणारीला 'सीमस्टर' पुरेना म्हणून फ्रेंच '-एस' वर आणखी डकवला: सीमस्ट्रेस. दुहेरी स्त्रीलिंग. जर्मनने हेच राजकन्येला केलं: प्रिन्त्सला फ्रेंच 'एस' आणि त्यावर जर्मन 'इन', प्रिन्त्सेसिन. जर्मन '-इन'चा इंग्रजीतला सख्खा भाऊ मात्र 'व्हिक्सन' या एकाच शब्दात जिवंत आहे, तोच आपला फ्युक्सिन, कोल्हीण. यिडिशमध्ये (युरोपातल्या ज्यूंच्या, जर्मनमधून निघालेल्या भाषेत) तर जर्मनच्या शेजारी अरामी प्रत्यय बसलाय: घरमालक 'बालेबोस', घर सांभाळणारी 'बालेबोस्टे'.

सोपं नको, अवघड हवं असेल तर आइसलँडिक शिका. जर्मन 'हांट' एकवचनात हलत नाही. तिथे हातच चार विभक्तींत 'ह्योंद, ह्योंद, हेंदी, हांदार'. बायकांची नावंसुद्धा चालतात: आना नावाच्या मुलीला काही द्यायचं असेल तर ती 'ओन्नू' होते. आणि इतकं स्त्रीलिंग सांभाळणाऱ्या त्या भाषेत, 1980 मध्ये विग्दिस फिन्बोगादोत्तिर राष्ट्राध्यक्ष झाल्या तेव्हा त्यांना पुल्लिंगी 'फोरसेती' हाच शब्द लागला. स्त्रीलिंगी रूप कोणी केलंच नाही.

शेवटी, फॉर्मवर स्वतःला काय म्हणायचं. पुरुष 'इंडर', तुम्ही 'इंडरिन'. "मी भारतीय आहे" म्हणजे "इश बिन इंडरिन", मध्ये 'आइने' नको. राष्ट्रीयत्व आणि पेशा सांगताना जर्मन आर्टिकल घालत नाहीत. 'इंडियानरिन' चुकूनही लिहू नका, ती अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी होईल. माझ्या एका विद्यार्थिनीने मुलाखतीत हे सांगितलं आणि समोरच्या बाई हसू दाबत राहिल्या. राष्ट्रीयत्वाच्या रकान्यात मात्र नाम नको, विशेषण हवं: 'इंडिश'. आणि रुग्णालयाला पहिला मेल लिहाल तेव्हा बाई असेल तर 'झेअर गेएर्टे फ्राउ', पुरुष असेल तर 'झेअर गेएर्टर हेर'. कोण वाचणार ते माहीत नसेल तर 'झेअर गेएर्टे डामन उंट हेरन', बायका आधी.